उताराची गोष्ट ता. क. मध्ये का लिहिलीत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४४, बैठं काम. दोन वर्षांपासून सायकल चालवतात, बहुतेक शनिवार-रविवारीच. सायकल माउंटन बाइक, फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली. एका दिवसात कापलेलं सर्वात लांब अंतर ८५ किलोमीटर, तेही निम्मं डांबरी रस्त्यावरून. बायकोच्या धाकट्या भावाने, वय ३१, दोघांच्या नावाने सहा दिवसांच्या माउंटन बाइक स्पर्धेचा फॉर्म भरून टाकला आहे. जोडीने उतरायचं, रोज साधारण ७० किलोमीटर, रोज दोन हजार मीटरच्या आसपास चढ, रात्री मुक्काम तंबूत. हातात पाच महिने आहेत. चढावर मेव्हणा बघता बघता दिसेनासा होतो. आपल्यापायी त्याची स्पर्धा वाया जाईल, आपण शेवटचे येऊ आणि आहे त्या सायकलवर हे होणारच नाही, अशी भीती त्यांना वाटते. नवी फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी का, दम कसा वाढवावा, की सरळ नाही म्हणावं, असं ते विचारतात. बायको ‘जा’ म्हणाली आहे. पत्राखाली ता. क.: ‘उतार तीव्र आणि दगडांचा असला की मी उतरून सायकल हातात धरून चालतो. पण ते सवयीने जाईल.’

नमस्कार,

तुमच्या पत्राची चार पानं भरली आहेत. दम, वय, हृदयाचे ठोके, सायकलचं वजन, मेव्हण्याच्या पोटऱ्या, सगळं त्यात आहे. उताराला मात्र एक ओळ मिळाली, तीही सही करून झाल्यावर. मी तिथूनच सुरुवात करते, कारण मला तुमच्या दमाची फारशी काळजी वाटत नाही.

एक हिशोब करून बघू. समजा एका दिवसाचा टप्पा ७० किलोमीटरचा आणि आयोजकांनी दिलेली मुदत नऊ तासांची. (तुमच्या स्पर्धेची मुदत तुम्ही कळवली नाहीत. माहितीपत्रकात ती असते, आज रात्रीच काढून बघा.) पाणी, खाणं, एखादं पंक्चर यांना पाऊण तास देऊ. उरले सव्वाआठ तास, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर पुरे. डांबरी रस्त्यावर हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण डोंगरातल्या वाटेवर किलोमीटरपेक्षा तासाला किती मीटर उंची चढता ते जास्त महत्त्वाचं. दिवसभर टिकेल अशा बेताने तुम्ही तासाला ५०० मीटर चढता असं धरलं, तर दोन हजार मीटरला चार तास लागतात. पाच महिने घाम गाळून हा वेग दहा टक्क्यांनी वाढवलात, तर वाचतात बावीस मिनिटं.

आता उतार. त्याच टप्प्यात दहा किलोमीटरचे उतार तुम्हाला ‘उतरून चालण्याच्या’ जातीचे वाटले असं समजा. सायकल सांभाळत, दगडांवरून, ताशी चारच्या चालीने त्याला अडीच तास लागतील. तेच उतार सायकलवर बसून, ब्रेक दाबत, अगदी सावकाश ताशी १५ ने उतरलात तर चाळीस मिनिटं. फरक एक तास पन्नास मिनिटांचा! तुमच्या छातीतला सगळा नवा दम एका बाजूला ठेवला तरी तो याच्या जवळपास पोचत नाही.

चालण्याची किंमत घड्याळापुरतीच राहत नाही. उतारावर चालताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि अशा कामाचं दुखणं लगेच कळत नाही. ते एक ते तीन दिवसांनी जोर धरतं. एका दिवसाच्या राइडला हे चालून जातं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीत असता. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन हजार मीटर चढायचे असतात.

‘सवयीने जाईल’ म्हणता, पण सध्या तुम्ही सवय करताय ती उतरून चालण्याची. दर वेळी पाय जमिनीवर टेकले की भीतीला वाटतं आपलं बरोबर होतं. ही गोष्ट आपोआप जात नाही, ती शिकावी लागते, आणि चांगली बातमी अशी की ती शिकायला २५ वर्षांचं हृदय लागत नाही.

शिकायचं कसं? शंभरेक पावलांचा, थोडा दगडांचा, खाली मोकळी सपाट जागा असलेला एक उतार शोधा. सीट चार-पाच बोटं खाली करा. नुसतं एवढं केलंत तरी निम्मी भीती ओसरेल, कारण उंच सीट उतारावर मागून ढकलल्यासारखी वाटते. मग पॅडल आडवी, दोन्ही पाय एका पातळीत, टाचा किंचित खाली. गुडघे आणि कोपरं बाहेर आणि सैल. बहुतेक हौशी लोक इथे अंग पार मागे, मागच्या चाकावर नेतात. हात ताठ होतात, पुढच्या चाकावर वजन राहत नाही आणि वळायची वेळ आली की ते चाक घसरतं. छाती हँडलकडे खाली आणा, वजन पायांवर ठेवा. ब्रेकवर प्रत्येक हाताचं एकच बोट, बाकीची बोटं हँडल धरायला. ब्रेक दगडांच्या आधी दाबा आणि दगडांवरून जाताना थोडा सोडा. नेमका दगडावर दाबलात तर चाक अडकतं. आणि नजर त्या दगडावर खिळवू नका, त्याच्या पलीकडच्या वाटेवर ठेवा. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी ऐन वेळी डोळे दगडाकडेच जातात.

एकाच तुकड्यावर दहा वेळा उतरा. पहिल्या तीन वेळा कसंबसं, चौथ्यांदा बरं, सातव्यांदा कंटाळा. कंटाळा आला की पुढचा, जरा अवघड तुकडा. आठवड्यातून एकदा तासभर हे केलंत तर दोन महिन्यांत तुम्हाला स्वतःत फरक दिसेल. कुणी जाणकार दोन-चार वेळा शिकवायला मिळाला तर उत्तम; नव्या सायकलचा विचार करण्यापूर्वी मी पहिला खर्च त्यावर करीन. हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांची पॅडं मात्र सरावालाही घाला.

आणि तरीही काही जागा अशा असतील की तिथे उतरणंच शहाणपणाचं ठरेल. एका बाजूला दरी, ओला खडक, सहाव्या तासाला थरथरणारे हात. मुरलेले लोकही तिथे खुशाल उतरतात. फरक इतकाच की ते एक तुकडा चालतात, पूर्ण उतार नाही.

नव्या सायकलचं माझं मत आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल. मागे सस्पेन्शन असलं की सहा दिवसांत पाठ आणि बूड कमी दमतं, हे खरं. पण भीती वाटणारा माणूस महागड्या सायकलवरूनही उतरतो. आहे त्या सायकलला ट्यूबलेस टायर करून घ्या. आतलं द्रव बारीक छिद्रं आपोआप बुजवतं आणि हवा कमी ठेवता येते, त्यामुळे दगडांवर पकड सुधारते. तुमच्या वजनाच्या माणसाला वीस-पंचवीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करून पुढे-मागे करून बघता येईल. हँडलवरचा खटका दाबला की सीट खाली जाईल असा ड्रॉपर पोस्ट बसवता आला तर तुमच्यापुरता तो पूर्ण नव्या सायकलपेक्षा उपयोगाचा. आणि सर्वात हलका गिअर खरंच हलका आहे का ते तपासा. पुढचं चक्र ३२ दातांचं असेल तर ३० किंवा २८ चं लावून घेतल्याने चौथ्या दिवशी गुडघे तुम्हाला दुवा देतील. हे सगळं स्पर्धेच्या निदान सहा आठवडे आधी. ऐन वेळी बदललेली सीट किंवा बूट सहा दिवस सूड उगवतात.

आता मेव्हण्याकडे येऊ. तुम्ही पत्रात त्याला अरे-तुरे केलंय, म्हणून मीही करते. तुम्ही धरून चाललाय की त्याला नंबर काढायचाय आणि तुम्ही त्याच्या पायातली बेडी होणार आहात. पण चार पानांत त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही. त्याला विचारलंत का? ज्याला खरोखर नंबर काढायचा असतो तो सहसा स्वतःच्या वेगाचा जोडीदार शोधतो, ताईच्या नवऱ्याचं नाव लिहून मोकळा होत नाही. कदाचित त्याला सहा दिवस तुमच्याबरोबर जायचं असेल आणि असं तोंडावर म्हणायला संकोच वाटत असेल. कदाचित त्याने काहीच विचार केला नसेल. ३१ व्या वर्षी तेही शक्य आहे. तुम्ही मात्र त्याच्या मनातलं स्वतःच ठरवून स्वतःच घाबरून बसलात.

बसून बोला, आणि बोलताना पहिल्यांदा ता. क. मधली गोष्ट सांगा. मला वाटतं, ती त्याला ठाऊक नाही. चढावर तो पुढे असतो, म्हणजे उतारावर तर त्याहून पुढे असणार; तुम्ही चालता हे त्याने पाहिलंच नसेल. त्याला ते तिथे, तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला वीस मिनिटं असताना कळण्यापेक्षा आता घरात कळलेलं बरं. मग विचारा: आपण नंबरासाठी जातोय की पूर्ण करायला? एकाला ताप आला किंवा हात मोडला तर दुसऱ्याने पुढे जायचं की थांबायचं? याचं उत्तर आधी ठरलेलं असलं की त्या दिवशी कुणालाच मोठेपणा दाखवावा लागत नाही. अशा वेळी एकट्याला पुढे जाऊ देतात का, त्याचा निकालात काय फरक पडतो, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं. नियमावली दोघांनी मिळून वाचा.

जोडीचा नियम काही ठिकाणी फार कडक असतो. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणारी केप एपिक आठ दिवसांची. तिथे जोडीतल्या दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड होतो. तुमच्या स्पर्धेत असा नियम नसला तरी तुम्ही दोघं तो लावून घ्या. कारण नेहमी काय होतं बघा. जोरातला माणूस खिंडीत पोचतो, सायकल टेकवतो, पाणी पितो, काहीतरी खातो, फोटो काढतो. हळू माणूस धापा टाकत वर येतो, आणि त्याला पाहताच पहिला उठतो: ‘चला!’ ज्याला विश्रांती हवी त्याला ती दिवसभर मिळत नाही, ज्याला नको त्याला दर चढाला दहा मिनिटं मिळतात. दोघंही चांगली माणसं, तरी चौथ्या दिवशी बोलणं बंद.

यावर उपाय असा की चढावर पुढे तुम्ही राहायचं आणि वेग तुमचा. तो मागे. सपाटीवर, वारा समोरून असताना तो पुढे आणि तुम्ही त्याच्या चाकामागे. पंप, हत्यारं आणि जास्तीचं पाणी त्याच्या पाठीवर. त्यात तुमची बेअब्रू नाही, दोघांचा वेग जवळ आणायची ती साधी युक्ती आहे. आणि ‘हळू’ म्हणायला एक ठरलेला शब्द ठेवा, जो ऐकल्यावर चर्चा करायची नाही.

‘शेवटचे येऊ’ हेही तुम्ही तीनदा लिहिलंय. अशा स्पर्धांत पुढच्या रांगेतले मोजके व्यावसायिक सोडले तर बाकी सगळे तुमच्यासारखेच: नोकरी करणारे, सुट्टी जुळवून आलेले. कुणीतरी शेवटी येणारच. शेवटच्या माणसामागे आयोजकांची माणसं असतात, त्यामुळे एका अर्थी तो सगळ्यांत सुरक्षित असतो. भीती बाळगायचीच असेल तर पहिल्या तासाची बाळगा. पहिल्या दिवशी सकाळी गाणी वाजत असतात, अंगात वारं शिरतं आणि अर्धे लोक पाचव्या दिवसाचे पाय पहिल्या चढावर खर्च करून बसतात. पहिला दिवस संपताना ‘आज जरा जास्तच सोपं केलं’ असं वाटलं तर तुमचं बरोबर चाललंय.

सरावाचं फार लांबवत नाही. पाच महिने म्हणजे वीस-एकवीस आठवडे. आठवड्याला सात ते नऊ तास मिळाले तर पुरे. त्यातला बराचसा वेळ पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश चालवा. तुमच्या वयाचे बहुतेक जण रोज अर्धवट जोरात चालवतात आणि रोज अर्धवट दमतात. आठवड्यातून एकदा चढावर आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये पुरती विश्रांती. एकदा घरीच उठाबशा, जोर, प्लँक: सलग उतारावर मनगटं, खांदे आणि कंबर पायांच्या आधी संपतात. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्यात ढिलाई. दुसऱ्या महिन्यापासून शनिवारी लांब आणि रविवारी पुन्हा मध्यम, कारण तुम्ही कधीही सलग दोन दिवस मोठी राइड केलेली नाही आणि खरी परीक्षा तीच आहे. आदल्या दिवशीच्या जड पायांनी पहिला अर्धा तास कसा काढायचा, ते नुसत्या शनिवारच्या राइडने कळत नाही. स्पर्धेच्या पाचेक आठवडे आधी एकदा सलग तीन दिवस. सहा दिवसांची रंगीत तालीम करू नका, ती तुम्हाला स्पर्धेआधीच संपवेल. शेवटचे दहा-बारा दिवस निम्म्याहून कमी.

सराव सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जा. चाळिशी उलटलेली, बैठं काम आणि अचानक वाढणारा व्यायाम; घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर नक्कीच सांगा. आणि ताप असेल त्या दिवशी सायकल नाही, सरावात नाही आणि स्पर्धेतही नाही. विषाणूचा संसर्ग अंगात असताना जोरदार श्रम केले तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. डोकं आपटलं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला, मेव्हणा काहीही म्हणो.

पोटाकडे तुमचं अजिबात लक्ष गेलेलं नाही, आणि सहा दिवसांच्या स्पर्धेत माघार घेणाऱ्यांत पोट आणि बूड यांचा वाटा मोठा असतो. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं खायचा सराव करा. एका मध्यम केळ्यात २५ ते २७ ग्रॅम असतात, म्हणजे किती खावं लागतं ते बघा. भूक लागायची वाट बघू नका. भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो. पोटालाही पायांसारखाच सराव लागतो, म्हणून लांबच्या प्रत्येक राइडला तेच खा जे तिथे खाणार आहात. टप्पा संपल्यावर तासाभरात भात, बटाटा, पोळी असं पचायला हलकं पण भरपूर खा, सोबत थोडं प्रथिन. तो दुसऱ्या दिवसाचा नाश्ता आहे असं समजा. पाणी तहानेप्रमाणे प्या, घाम भरपूर येत असेल तर मीठ घालून. नुसतं पाणी लिटरवर लिटर रिचवत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच घातक ठरू शकतं.

बाटलीचं तोंड झाकणारं टोपण घ्या. हे किरकोळ वाटेल, पण चाकाने उडवलेल्या चिखलात जनावरांचं शेण असतं आणि बाटली नेमकी त्या माऱ्यात असते. २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आणि २००८ मध्ये वेल्समध्ये चिखलातल्या शर्यतींनंतर कितीतरी स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या जुलाबांनी आडवे झाले होते. खाण्याआधी हात धुवा, मेव्हण्याची बाटली तोंडाला लावू नका.

आणि बूड. पॅडची शॉर्ट्स किमान तीन, आत काहीही नाही, दर सकाळी धुतलेली आणि पूर्ण वाळलेली. घर्षण होतं तिथे क्रीम. टप्पा संपला की गप्पा मारत उभं न राहता पहिल्यांदा ती शॉर्ट्स काढायची. ओल्या पॅडमध्ये बसून काढलेला अर्धा तास दुसऱ्या दिवशी पुटकुळी होऊन भेटतो. यावर लोक हसतात. तिसऱ्या दिवशी तेच लोक उभ्याने जेवत असतात.

सायकलसाठी सामानात डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसवतात तो छोटा तुकडा, तुमच्याच सायकलचा; प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो), चेनची जोडकडी, टायरचं छिद्र बुजवायचा प्लग, एक साधी ट्यूब आणि ब्रेक पॅडचे दोन जोड ठेवा. चिखलात, उतारांच्या दिवशी, मऊ पॅड एका दिवसातही झिजून धातूला लागू शकतात. ते बदलायला घरी शिका, डोळे मिटून जमेपर्यंत. शिवाय कानात घालायचे बोळे, कारण तंबूत घोरणारा शेजारी कुणाला चुकलेला नाही.

आता निर्णय. मी आज ‘जा’ही म्हणणार नाही आणि ‘नको’ही. आठव्या आठवड्यातला एक शनिवार-रविवार आत्ताच पक्का करा. दोघांनी मिळून सलग दोन दिवस, रोज पन्नास-साठ किलोमीटर, डोंगरातल्या वाटांनी, हजार-बाराशे मीटर चढ, तुम्ही पुढे आणि तो मागे. त्यात तीन गोष्टी बघा. रविवारी सकाळी सायकलवर बसवलं का, उतारावर चालण्याचं अंतर निम्म्यावर आलंय का, आणि दोघं रविवारी संध्याकाळी एकमेकांशी नीट बोलताय का. तिन्हींना हो असेल तर निर्धास्त जा. पहिलं अडलं तर उरलेले तीन महिने पुरतात, फार घाबरू नका. दुसरं अडलं, म्हणजे उतार अजून चालतच होत असतील, तर ही स्पर्धा यंदा तुमची नाही. तिसरं अडलं तर जोडी बदला, स्पर्धा नाही.

न जाण्याचेही प्रकार असतात. नाव बदलता येतं का, फॉर्म पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, हे त्या आठव्या आठवड्याच्या आत विचारून ठेवा, म्हणजे मेव्हण्यालाही दुसरा जोडीदार शोधायला वेळ मिळेल. तुमच्यासाठी दोन किंवा तीन दिवसांची स्पर्धा, तीही एकट्याच्या गटातली, हे चांगलं पहिलं पाऊल ठरेल. आपल्या वेगाने जायचं, कुणाचं ओझं नाही, आणि दुसऱ्या सकाळची ओळख होते. किंवा या वर्षी त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून जा. सायकल धुणं, सामान बांधणं, मुदतीआधी वाट बघत उभं राहणं, यातून स्पर्धा किती मोठी असते ते आतून दिसतं. आणि हे सगळं बघून ‘मला रविवारची सायकल आवडते, एवढंच पुरे’ असं वाटलं, तर त्यातही काही कमीपणा नाही. सहा दिवस तंबूत राहिल्याशिवाय माणूस सायकलवाला होत नाही असं कुणी सांगितलं?

बायको ‘जा’ म्हणाली आहे, पण तुम्ही तिला सहा दिवसांबद्दल विचारलंत. प्रत्यक्षात तुम्ही वीस शनिवार-रविवार मागताय. कॅलेंडर पुढ्यात ठेवून पुन्हा विचारा. कोणत्या तारखा नाहीच द्यायच्या ते तिला ठरवू द्या आणि उरलेल्यांत सराव बसवा. भाऊ तिचा असला तरी रविवारी घरी नसणार तो नवरा.

आणि फॉर्मचे पैसे मेव्हण्याने एकट्याने भरले असतील तर अर्धे आजच देऊन टाका. पुढे जायचं ठरो वा न ठरो.